बसकण मारणारी गाडी

गेल्या वर्षभरात मी जितक्या मेकॅनिकांची तोंडं पाहिली तितकी नातेवाइकांचीही पाहिली नसतील. आणि सगळीकडे एकच तऱ्हा. गाडीचं दुखणं सांगायला मी तोंड उघडलं, की समोरचा माझ्या खांद्यावरून मागे बघायचा. म्हणजे, गाडीवाला कुठाय? मागे तात्या उभे असायचे, टोपी सारखी करत. मग तो मला ओलांडून थेट त्यांनाच विचारायचा, "बोला बाबा, काय होतंय गाडीला?" आणि तात्या सांगायचे, "बसकण मारती."

झालं! सगळा घोळ इथूनच सुरू व्हायचा.

तात्या म्हणजे माझे वडील. पेठला राहतात, एकटे. आई गेल्यापासून घरात ते आणि टीव्ही, आणि टीव्हीशी त्यांचं फारसं पटत नाही. मला मंचरला दिलेली, तिथेच एका पतसंस्थेत मी कामाला आहे. धाकटा भाऊ पुण्यात. त्याने नवी गाडी घेतली तेव्हा जुनी आणून तात्यांच्या दारात लावली. चांगली लांबलचक गाडी. जुनी असली तरी तिच्या काळात महागातली, म्हणून तिच्यात क्रूझ कंट्रोल होता. गाडीने साठचा वेग धरला की स्टेअरिंगवरचं एक बटण दाबायचं आणि अॅक्सिलरेटरवरचा पाय काढून घ्यायचा. गाडी आपली आपण साठने चालत राहते. तात्यांनी ते पहिल्यांदा केलं तेव्हा पोर झोपाळ्यावर बसल्यासारखे हसले होते.

आता तात्यांना गाडी कशाला लागते, तर बेल्ह्याच्या बाजाराला जायला. जनावरांचा बाजार. तात्यांकडे आता एकही बैल नाही, गोठ्यात आम्ही पाण्याची मोटार आणि जुनी कपाटं ठेवलीत. तरी दर आठवड्याला हा माणूस धोतर नेसून, टोपी घालून, त्या लांबलचक गाडीतून पेठहून बेल्ह्याला जातो. विकत काही घेत नाही. लोकांच्या बैलांचे दात बघतो. दोन पार्ट्या अडून बसल्या की मध्ये पडतो, रुमालाखाली बोटं धरून सौदा जुळवतो, वर चहा आणि भजी खाऊन संध्याकाळच्या आत घरी. पेठला ते नुसते म्हातारे आहेत. बेल्ह्यात त्यांना अजून हाक पडते. "तात्या, जरा इकडं या, ह्याचा पाय बघा" अशी. ती हाक बंद झाली तर तात्या खाटेवर पडतील आणि उठणार नाहीत, हे मला माझ्या हाताच्या रेषांपेक्षा नीट ठाऊक आहे.

म्हणूनच सगळी धडपड. कारण तात्यांचा उजवा पाय कुरकुरायला लागला होता. आळेफाट्याच्या अलीकडेच पाय जड होतो, भरून येतो, म्हणायचे. शुगरच्या गोळ्या चालू होत्याच. डॉक्टरांना काय सांगितलं कोण जाणे, कारण तात्या डॉक्टरांकडे गेले की स्वतःची तब्येत सोडून पावसापाण्याच्या गप्पा मारतात. भावाला कळलं तसा त्याने फोनवरून निकालच दिला. पाय दुखतो तर गाडी बंद. त्यातून त्या महिन्यात तात्यांनी गाडी मागे घेताना फाटकाला घासली होती, म्हणजे आयतंच कोलीत मिळालं. मी म्हटलं, अरे, त्यात क्रूझ आहे ना? हायवेला एकदा बटण दाबलं की पायाला काम काय? तो म्हणाला, "ताई, ठीक आहे. पण क्रूझ नीट चालत असेल तरच. नाहीतर दिवाळीला येईन आणि गाडी घेऊन जाईन."

थोडे आठवडे चाललं आणि क्रूझने रंग दाखवला. मध्येच सुटायचा. गाडी साठने चाललीय, चाललीय, आणि एकदम जीव गेल्यासारखी मंद. मागचे हॉर्न वाजवणार, तात्या पुन्हा वेग धरणार, पुन्हा बटण दाबणार, कळंबच्या पुढे पुन्हा तेच.

आता ह्याला मराठीत काय म्हणायचं? तात्यांनी त्यांच्या परीने शब्द शोधला. औताचा बैल काम अर्धवट टाकून नांगराच्या तासातच खाली बसतो त्याला बसकण मारणं म्हणतात. शब्द चपखल होता, नाही असं नाही. पण गॅरेजमध्ये!

मंचरच्या पहिल्या मेकॅनिकने "बसकण" ऐकलं आणि गाडीच्या खाली शिरला. गाडी बसते म्हणजे शॉकॅब्सॉर्बर गेले, असं त्याने ठरवून टाकलं. मी सांगतेय, दादा, तसं नाही, क्रूझ सुटतोय, क्रूझ. तो खालूनच म्हणाला, "स्क्रू पण टाइट करून देतो ताई." दुसऱ्याने अर्थ लावला की पिकअप बसतोय. त्याने डिझेल फिल्टर बदलला, एअर फिल्टर बदलला, आणि मोठ्या अभिमानाने म्हणाला, आता गाडी बसणार नाही, पळणार. गाडी पळत होतीच हो! पळायची तक्रार कुणी केली होती? पुढच्या बाजाराला तात्या जाऊन आले आणि ओट्यावर बसून चपला झटकत म्हणाले, "बसली. तितंच बसली."

मी तात्यांना हात जोडले. म्हटलं, तुम्ही यापुढे गॅरेजात एक अक्षर बोलायचं नाही. बोलेन ते मी बोलेन. तर म्हणतात कसे, "मी काय खोटं बोलतोय का? बसती म्हंजी बसती."

नारायणगावला एक इलेक्ट्रिशियन आहे, फक्त गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, असं कळलं. मी पतसंस्थेतून अर्ध्या दिवसाची रजा काढली, ह्या गाडीपायी माझ्या रजाच संपत आल्या होत्या, आणि तात्यांना घेऊन तिकडे गेले. हा बरा निघाला. माझं ऐकून घेतलं. लॅपटॉपएवढं स्कॅनर आणलं आणि आत बसायला दार उघडलं. तर तात्या आडवे!

"बूट काढ."

"काय बाबा?"

"बूट काढून बस. लक्ष्मी हाय ती."

हे तात्यांचं जुनं. दसऱ्याला ज्या गाडीला हळदीकुंकू लावायचं, हार घालायचा, तिच्यावर पायताण घालून पाय द्यायचा नाही. ट्रॅक्टर होता तेव्हाही, जीप होती तेव्हाही. दारातच चपला काढणार, त्या सीटमागे ठेवणार आणि अनवाणी गाडी चालवणार. मे महिन्यात गाडी उन्हात तापलेली असली तरी. त्यांना किती सांगितलं, तात्या, निदान सॅन्डल घाला, नको. तो इलेक्ट्रिशियन माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, काढा दादा बूट, नाहीतर आपण संध्याकाळपर्यंत इथेच. त्याने बिचाऱ्याने काढले. मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, त्यामुळे तो आणखी वैतागला.

स्कॅनरने सांगितलं, दोष नाही. तो स्वतः गाडी घेऊन हायवेला पार लांबवर जाऊन आला. क्रूझ एकदाही सुटला नाही. मग मी चालवली. नाही सुटला. म्हणाला, "ताई, काहीच फॉल्ट नाहीये." मी म्हटलं, दादा, फॉल्ट नाही तर मी काय हौस म्हणून रजा काढून आलेय? परत येताना तात्या चालवायला बसले. बायपासवरून कळंबच्या दिशेला लागलो, बटण दाबलं, आणि थोड्याच वेळात, गेला! सुटला! मी डॅशबोर्डवर अशी बुक्की मारली की हाताला मुंग्या आल्या.

"गाडीला मारू नको," तात्या म्हणाले.

"मारीन! जाळीन हिला!"

"ती काय बोलती का? मुकी हाय बिचारी."

मुकं जनावर काय, गाडी काय, ह्यांच्या लेखी सगळं एकच. माझा इतका संताप झाला होता की मी मंचर येईपर्यंत बोलले नाही. तात्या मात्र मजेत. मध्येच म्हणाले, उसाला पाणी कमी पडलंय बघ लोकांच्या.

पुढे चाकणकडच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथे एसी, सोफा, कॉफीचं मशीन. टाय लावलेला पोरगेला मॅनेजर म्हणाला, "मॅडम, हे मॉडेल आता बंद झालंय. ह्याच्या क्रूझचा मॉड्यूल येत नाही. तुम्ही एक्स्चेंजचा विचार का नाही करत?" मी गाडी दुरुस्त करायला आणली तर हा मला नवी विकायला निघाला. मी म्हटलं, माझे वडीलही जुनं मॉडेल आहेत, त्यांचं काय एक्स्चेंज करता का बोला. तो हसला. माझं डोकं आणखी फिरलं. त्यांनी दिवसभर गाडी ठेवून घेतली, धुऊन पुसून दिली, आणि कागदावर लिहिलं की तक्रार आढळली नाही. आढळली नाही! दर आठवड्याला माझ्या म्हाताऱ्याच्या जिवाला घोर, मागून ट्रक अंगावर येतायत, आणि ह्यांना आढळली नाही.

तोवर गणपती होऊन गेले होते. भावाचा फोन आला. "झालं का क्रूझचं?" मी म्हटलं, होतंय, पार्ट मागवलाय. कसला पार्ट नि कसलं काय. पण त्याच्या आवाजातली ती दिवाळी मला ऐकू येत होती. तात्यांनी त्याच सुमाराला मला सहज विचारल्यासारखं विचारलं, "तो खरंच न्यायचा का गं गाडी?" एवढंच. आणि उत्तराची वाट न बघता उठून नळ बंद करायला गेले. नळ बंदच होता.

मी पुन्हा नारायणगावच्या त्या इलेक्ट्रिशियनकडे गेले. म्हटलं, तुम्हीच काहीतरी करा, आता माझ्यात त्राण नाही. त्याने ह्या वेळी आपणहून बूट काढले. स्टेअरिंग खोललं, बटणाच्या फटीत दसऱ्याच्या पूजेचं कुंकू साठलं होतं ते ब्रशने साफ केलं. मला वाटलं, हेच! लक्ष्मीनेच घात केला. पण बटण तसंही ठीक होतं. मग तो थांबला, पान्ह्याने मान खाजवली आणि तात्यांना जरा चाचरतच म्हणाला, "बाबा, एक विचारू का? क्रूझ चालू असताना ब्रेकला नुसता पाय लागला ना, तरी तो सुटतो. तसंच बनवलंय ते. तुमचा पाय कुठं लागत नाही ना?"

तात्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तुजा जन्म व्हायच्या आदीपासनं मी ट्रॅक्टर चालवतोय. पाय कुठं ठेवायचा ते आता तू शिकवनार? क्रूझ लावला का मी पाय खाली ठेवतो. खाली! सपाट जमिनीवर!"

"तसं नाही बाबा, विचारलं फक्त."

"अनवाणी चालवतो मी. पायाला कळत न्हाई व्हय, ब्रेक कुठला आन् जमीन कुठली?"

आणि मीही तुटून पडले त्या माणसावर. म्हटलं, दादा, सगळ्यांना शेवटी म्हाताऱ्या माणसाचाच दोष दिसतो. स्कॅनरला सापडत नाही, वर्कशॉपला सापडत नाही, मग घाला चालवणाऱ्याच्या डोक्यावर. तो बिचारा म्हणाला की पेडलच्या वर एक स्विच असतो, पाय पडला की मागचा लाल दिवा लावायचा आणि क्रूझ सोडायचा. तो कधीकधी अडकतो, तोच बदलून टाकू. बदलला. मला तर त्या स्विचवर एवढा भरवसा बसला, की घरी येऊन मी भावाला फोन करून सांगितलं, झालं, सापडला फॉल्ट, आता दिवाळीला रिकाम्या हातांनी ये आणि फराळ खाऊन जा.

पुढच्या बाजाराला मी मुद्दाम तात्यांबरोबर निघाले. डोळ्यांनी बघायचंच होतं. पेठहून निघालो, सकाळची वेळ, हवा छान, रस्ता मोकळा. चपला सीटमागे. तात्यांनी मंचरच्या पुढे बटण दाबलं. धरला क्रूझने. मी श्वास रोखून. कळंब गेलं. नारायणगाव गेलं. तात्या माझ्याकडे बघून भुवया उडवतायत, काय म्हणतेस? मी हसणार तेवढ्यात गाडी मंद झाली.

तात्यांनी पुन्हा वेग धरला, पुन्हा दाबलं. पुन्हा सुटला. आळेफाट्याला उजवीकडे वळून बेल्ह्याच्या रस्त्याला लागलो तिथे तर लागोपाठ. लागायचा, सुटायचा. लागायचा, सुटायचा. मला खिडकीतून उडी टाकावीशी वाटत होती. डोळ्यांसमोर भाऊ दिसत होता, हातात किल्ली घेऊन, चेहऱ्यावर ते समजूतदार हसू.

बाजारात पोचलो. तात्यांनी झाडाखाली गाडी लावली. सगळीकडे बैल, म्हशी, टेम्पो, मोटारसायकली, शेणाचा आणि भज्यांचा वास. तात्या अजून उतरलेही नव्हते, एवढ्यात आमच्या मागोमाग आलेला एक टेम्पो शेजारी थांबला आणि त्याचा ड्रायव्हर मान बाहेर काढून ओरडला, "पावणं! लई ताप दिला राव तुमी!"

"आमी?" तात्या म्हणाले.

"मग काय! फाट्यापासनं मागं हाय तुमच्या. रस्ता मोकळा, म्होरं चिटपाखरू न्हाई, आन् तुमचा ब्रेकलाइट सारखा लागतोय. मला वाटतंय थांबलं आता, थांबलं आता. मी आपला दरवेळी ब्रेक दाबतोय, आन् मागं म्हैस केबिनवर डोकं आपटतीय. बघा की, अजून लागलाय!"

ब्रेकलाइट! मी दार उघडून धावत मागे गेले. खरंच, गाडी उभी आणि मागचे दोन्ही लाल दिवे लागलेले. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! त्या टेम्पोवाल्याच्या म्हशीला ओवाळावं असं वाटलं. इतके महिने, इतके शहाणे, आणि कुणी मागे उभं राहून दिवा बघितला नाही. नवा स्विचही अडकतोय, नाहीतर वायर चिकटलीय. म्हणजे फॉल्ट आहे. गाडीत आहे!

"बघ!" तात्या सीटवरूनच ओरडले. "म्हनलं व्हतं का न्हाई? चालवनाऱ्याचा काय दोष?"

"उतरू नका तात्या! तिथंच बसा! दाबा ब्रेक!"

"दाबला!"

दिवे लागलेले. "सोडा आता!"

"सोडला!"

दिवे तसेच. मी पुन्हा ओरडले, सोडा. तात्या म्हणाले, "सोडलाय की!" एकदा दिवे विझले, पुन्हा आपोआप लागले. आता चार माणसं जमली. कुणी म्हणतंय बॅटरीची वायर काढून लावा, कुणी म्हणतंय उंदराने खाल्लं असेल आत, एक जण तर बॉनेट उघडा म्हणून बॉनेटवर थापच मारायला लागला. मी म्हटलं, तुम्ही तुमच्या म्हशी सांभाळा हो, मला माझी गाडी सांभाळू दे. आणि इलेक्ट्रिशियनला फोन लावला.

"ताई," तो म्हणाला, "वाकून फक्त पेडल बघा. पेडल पूर्ण वर आलंय आणि तरी दिवा लागलाय, तर स्विच गंडला. पेडलच खाली राहत असेल तर स्प्रिंग बघू. दोन्हीतलं काहीही असलं तरी संध्याकाळी घेऊन या, करून देतो."

माझ्या जिवात जीव आला. स्विच नाहीतर स्प्रिंग. काहीही निघू दे, दिवाळीच्या आत होतंय. मी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, साडीचा पदर खोचला आणि तिथेच मातीत गुडघे टेकले. आत अंधार होता. मोबाइलची बॅटरी लावली आणि डोकं स्टेअरिंगच्या खाली घातलं.

"सोडा ब्रेक, तात्या."

"सोडलाय की. कितींदा सांगू?"

पेडलवर तात्यांचा पाय होता. टाच खाली टेकलेली, आणि चवडा आडवा पेडलवर पडलेला, आरामात, झोपेत पडतो तसा. पेडल बोटभर खाली दबलेलं.

मी म्हटलं, "तात्या, पाय पूर्ण बाजूला घ्या. खाली ठेवा."

"खालीच हाय," ते वरून म्हणाले. आवाजात खोटेपणाचा लवलेश नव्हता. उलट चिडले होते, माझ्यावर, गाडीवर. "तू स्विच बघ आदी. दिसतोय का?"

मी बॅटरी खाली ठेवली. आणि कोण जाणे कशाने, मी त्यांच्या पायावर हात ठेवला. पाय गार होता. मी दाबला. तात्या वर टेम्पोवाल्याला सांगत होते, की गाडी चांगली हाय हो, येवडा एक स्विच सोडला तर गाडीला नाव ठेवायला जागा न्हाई. मी अंगठा चिमटीत धरला. नख रुतवलं. तात्या बोलतच होते. टेम्पोवाला म्हणाला, "म्हस बगता का तात्या, बाजारात न्यायच्या आदी?" तात्या म्हणाले, "बगू की, ह्ये एवडं हून जाऊ द्या."

मला रडू फुटलं. तिथे, शेणामातीत गुडघ्यांवर, डोकं डॅशबोर्डखाली. राग यायला हवा होता, महिनोन्‌महिने राग तर मला येतच होता, पण तो आता कुणावर काढायचा ते कळेना. स्विचवर? स्प्रिंगवर? मी तो पाय दोन्ही हातांनी उचलला, पेडलवरून काढला आणि खाली ठेवला. मागे कुणीतरी ओरडलं, "विझला, विझला दिवा!" मी पाय तसाच धरून ठेवला.

"सापडला का फॉल्ट?" तात्यांनी विचारलं.

मी नाक ओढलं, पण पाय सोडला नाही.

"आगं, सापडला का? काय रडतीस का काय?"

"तात्या, खाली बघा," मी म्हटलं.

तात्यांनी पोट आत घेतलं, स्टेअरिंगवरून वाकले, टोपी सावरली आणि खाली बघितलं. माझ्या मोबाइलच्या उजेडात त्यांना स्वतःचा पाय दिसला, आणि त्यावर माझे दोन्ही हात. बाहेर ती म्हैस ओरडत होती.

"हात," ते म्हणाले, "हात कवा ठेवलास?"